मला शब्दांत सांग

३ फेब्रुवारी

धाकटे,

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस हे कळलं. ठेव तसाच. मला उलट बरंच आहे, कारण फोनवर तुझ्याशी बोलून आता माझ्या पदरात काही पडत नाही. का पडत नाही, तेच सांगायला ही पानं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी माफी मागायला बसलेली नाही. "शेवटी ताईला उपरती झाली" असं तुझ्या चष्म्याच्या दुकानातल्या त्या मुलीला सांगायचा बेत असेल, तर तो आत्ताच सोड.

तुझ्या लेखी झालं ते असं. ऑक्टोबरात तुझा फोन आला. तू म्हणालीस, "ताई, छातीत गाठ आहे म्हणतात. काढायची आहे. काही नाही गं, बारीकसं ऑपरेशन. तू कामं टाकून येऊ नकोस." मी म्हटलं, "बरं. झालं की कळव." आणि पर्स उचलून स्टुडिओत गेले. तू एकटी भरती झालीस, एकटीने कागदांवर सह्या केल्यास. घरी आणायला दुकानातली मुलगी आली. पुढे मी फोन केला, तेव्हा म्हणालीस, "वा, ताई. छान वागलीस. खूप छान." त्यावर मी म्हटलं, "थँक्यू गं." तू फोन आपटलास.

यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी कुठेच नाही म्हणत नाही.

पण नंतर तू मेसेज पाठवलास, "माझ्या नुसत्या हॅलोवरून तुला सगळं कळतं. कळूनही आली नाहीस." तिथे तू चुकलीस. चष्म्याच्या काचांचे नंबर तू डोळे मिटून सांगशील, पण काळ ओळखण्यात तू शाळेपासून कच्ची. "कळतं" नाही, धाकटे. "कळायचं."

आणि काय कळायचं! तू शाळेतून यायचीस, खालच्या फाटकातून "ताई" अशी हाक मारायचीस, आणि मी वरूनच आईला सांगायचे, "आज मार खाऊन आलीय," नाहीतर "आज मारून आलीय." आई म्हणायची, हिला कान नाहीत, चिमटे आहेत. त्याच चिमट्यांवर मी पुढे पोट भरलं. तू लोकांना सांगतेस, आमची ताई सिनेमात आहे. ताई सिनेमात नाही. परदेशी मालिकांमधली माणसं जे बोलतात ते आपल्या नटांकडून आपल्या भाषेत बोलवून घेते. काचेच्या पलीकडे माईकसमोर नट, अलीकडे मी. त्याचे ओठ जुळले, शब्द जुळले, तरी मी म्हणते, "पुन्हा. हे रडणं तुझ्या गळ्यातून आलंय, पोटातून नाही." माझी भाकरी ती तेवढीच.

गेल्या जूनमध्ये स्टुडिओच्या जिन्यात मी पडले. तुला सांगितलं, चक्कर आली. चक्करच होती, पण तिचं कारण मी गिळलं. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, लहान मेंदू असतो. तिथे रक्ताची गुठळी अडकली होती. उलट्या झाल्या, जीभ जड झाली, सरळ चालता येईना. पुढे सगळं सावरलं. जिना उतरताना कठडा धरते, इतकंच. मोठे डॉक्टर म्हणाले, "नशीबवान आहात. लहान मेंदू फक्त तोल सांभाळतो. विचार, भाषा, आठवण सगळं शाबूत आहे."

म्हणजे काळजीचं कारण नाही. काम पूर्वीसारखंच चालू आहे.

ताई


१२ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे तू ते ठेवून घेतलंस. ठीक.

मागच्या पत्राचं शेवटचं वाक्य खोडून टाक. काम पूर्वीसारखं चालू नाही. तुझ्यापुढे फुशारकी मारायची सवय लहानपणापासूनची आहे, पेन हातात घेतलं की आपोआप सुरू होते.

झालं ते असं. एका मालिकेत बाप मुलाला पुरून घरी येतो आणि रिकाम्या खोलीत म्हणतो, "दिवा लावू का रे?" ते वाक्य आमच्या खर्जाकडे होतं. त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आहे, म्हणून सगळे त्याला खर्ज म्हणतात. सकाळपासून काम करून सगळे आंबले होते. खर्जाने जरा हसवावं म्हणून ते वाक्य लाडात आलेल्या म्हातारीसारखं, चेकाळून म्हटलं. सगळ्यांना वाटलं, बाई आता चप्पल काढणार.

मी पडद्यावरच्या बापाचे ओठ बघत म्हटलं, "ओके. पुढचं."

सगळे खदखदून हसले. त्यांना वाटलं, मीच त्याची फिरकी घेतली. मीही हसले, कारण ते हसत होते. कोणीतरी तो टेक पुसला आणि पुढे गेलो. हसला नाही तो एकटा कानसेन. कानसेन म्हणजे आमचा ध्वनिमुद्रक. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून त्याचे केस पांढरे झाले आणि माझे रंगवलेले. चहाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले तसा तो म्हणाला, "बाई, तुम्हाला तो टेक कसा वाटला?"

"बरा होता."

"बरा?"

"थोडा दबलेला. पण दुःखात माणूस दबतोच."

दुसऱ्या दिवशी त्याने आईसाहेबांकडून एकच वाक्य निरनिराळ्या तऱ्हांनी म्हणवून घेतलं. आईसाहेब म्हणजे आमच्याकडच्या झाडून सगळ्या आयांचा आवाज. वाक्य होतं, "दार उघड." रागाने, भीतीने, लाडाने, रडत, थट्टेत. मग त्याने पडद्यावरचं चित्र बंद केलं, मला हेडफोन दिले आणि म्हणाला, "आता सांगा."

राग मी ओळखला. बाकी बहुतेक ठिकाणी मी एकच सांगितलं, "ही चकित झालीय." भीतीच्या आवाजावर तर मी पैज लावायला तयार होते. म्हटलं, "हिला दाराबाहेर काहीतरी अजब दिसलंय."

कानसेन म्हणाला, "बाई, दाराबाहेर तिच्या मागे कोणीतरी तिला मारायला आलाय."

मी हेडफोन काढून ठेवले. ऐकू येतं, धाकटे, सुई पडली तरी येतं. शब्द कळतात, कोण बोलतंय तेही कळतं. आवाजाच्या आत बसलेलं माणूस तेवढं गायब झालंय. हे मला महिनोन्महिने ठाऊकच नव्हतं. पाय लंगडा पडला तर चालताना कळतं. हे कळणार कशाने? मला वाटत होतं, सगळे हल्ली सपाट बोलायला लागलेत.

आता कळलं ना, "थँक्यू" का म्हटलं ते?

ताई


२१ फेब्रुवारी

धाकटे,

मी हे मोठ्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "त्याचा याच्याशी संबंध नाही. ताण आहे. वयही आहे." तुझे भावोजी शेजारीच बसले होते. गाडीत म्हणाले, "मी तर केव्हाचा सांगतोय, तुला ऐकायचंच नसतं." लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि आता डॉक्टरांचा आधार मिळाला म्हणून स्वारी खूश!

मी म्हटलं, मी वेडी नाही आणि म्हातारीही नाही. दुसरा डॉक्टर शोधा.

कानसेनच्या भाचीने एका इस्पितळाचं नाव दिलं. तिथे आवाज आणि मेंदू यांवर काम करणारी एक डॉक्टरीण आहे. वयाने माझी मुलगी शोभेल. पायात कॅनव्हासचे बूट, टेबलावर अर्धवट खाल्लेलं सफरचंद. तिने मला एका खोलीत बसवून कितीतरी आवाज ऐकवले. त्यांत शब्दच नव्हते, नुसती निरर्थक बडबड, पण प्रत्येक बडबडीत एक भावना. प्रत्येक आवाजाला राग किती, भीती किती, नवल किती, अशा पट्ट्या सरकवायच्या होत्या.

निकाल हातात घेऊन ती म्हणाली, "तुम्ही भीतीच्या आवाजांवर नवलाची पट्टी सरकवताय."

"मग माझं डोकं बिघडलंय का?"

"डोकं नाही. उजवीकडचा लहान मेंदू थोडा जखमी आहे. आणि तो फक्त पायांचा तोल सांभाळत नाही, असं आम्हाला आता दिसायला लागलंय. समोरच्याचा आवाज पुढच्या क्षणी कुठे चढेल, कुठे कापेल, कुठे अडेल, याचा तो सतत अंदाज बांधत असावा. तो अंदाज तो मोठ्या मेंदूला पुरवतो. तुमच्याकडे तिथे गफलत होतेय."

"असावा? खात्रीने सांगा की."

ती हसली. हसली हे मी तिच्या गालांवरून सांगतेय. म्हणाली, "खात्री नाही, आम्हीही शिकतोय. पण तुमच्यासारखे रुग्ण आम्ही आधी पाहिलेत. तुम्ही एकट्या नाही आणि हे तुम्ही मनाने रचलेलं नाही."

धाकटे, मला त्या मुलीला मिठी मारावीशी वाटली. "बरं होईल" असं ती एकदाही म्हणाली नाही. सरावाने थोडं सुधारेल, थोडं राहील, असं म्हणाली. चेहरे मला पूर्वीइतकेच कळतात, तेही तिने तपासलं. फोनवर चेहरा नसतो, त्याला ती तरी काय करणार?

आता ऑक्टोबरातला तो फोन आठव. "छातीत गाठ आहे म्हणतात," असं तू म्हणालीस, आणि तुझ्या आवाजात मला नवल ऐकू आलं. नुसतं नवल. जसं काही दुकानात कोणी तीन डोळ्यांचं गिऱ्हाईक आलं होतं. आणि मागून शब्द आले, काही नाही, बारीकसं, येऊ नकोस. माझ्या हातात तेवढेच होते. मी शब्द ऐकले. जगात बाकी सगळ्यांनी शब्द ऐकले तर त्यांना आज्ञाधारक म्हणतात, मी ऐकले तर दगड.

घरात आता नवा कायदा झालाय. तुझे भावोजी आधी जाहीर करतात आणि मग बोलतात. "मी चिडलोय. टॉवेल कुठाय?" "मी गंमत करतोय. आज तू सुंदर दिसतेस." या दुसऱ्या वाक्यावरून आमचं भांडण झालं, पण ती वेगळी गोष्ट.

तुझ्या तपासण्यांचं काय चाललंय? कोणी मला सांगत नाही. मी विचारतेय हे लक्षात घे. विचारतेय, अक्षरांत.

ताई


४ मार्च

धाकटे,

मालकाच्या कानावर गेलंच. त्याने मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं. आवाजाचं मला माहीत नाही, पण खुर्ची पुढे करणारा मालक मी आजवर पाहिला नव्हता.

"बाई, तुम्ही खूप केलंत. आता घरून संवाद लिहा. आराम होईल."

"मला आराम नकोय."

"तुमच्या तब्येतीची काळजी वाटते हो."

त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती, मी खोटं बोलणार नाही. पण नजर काचेपलीकडच्या माझ्या खुर्चीकडे जात होती, तिथे पुढे कोण बसेल याचा विचार चालला होता. मी म्हटलं, "माझ्या खुर्चीचा विषय असेल तर सगळ्यांसमोर बोलू."

आणि उठून थेट स्टुडिओत गेले. तो मागून "बाई, बाई" करत आला. आत आईसाहेब होत्या, खर्ज होता, दोन नव्या मुली होत्या, कानसेन त्याच्या जागी. मी माईकसमोर उभी राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी काचेच्या त्या बाजूला होते. म्हटलं, "ऐका. माझ्या लहान मेंदूला इजा झालीय. आवाजातली भावना मला नीट ओळखता येत नाही. भीती तर अजिबात नाही. कुजबुजायचं असेल तर आता माझ्यासमोर कुजबुजा."

खर्ज म्हणाला, "म्हणजे बाई, मी वाईट काम केलं तर तुम्हाला कळणारच नाही?"

"तू वाईट काम करतोस ते मला तुझ्याकडे नुसतं बघूनही कळतं."

सगळ्यांत आधी आईसाहेब हसल्या. मी पुढे म्हटलं, "आजपासून मी काचेमागे बसणार नाही. इथे, तुमच्यासमोर उभी राहीन. तुमचा श्वास, खांदे, गळा मला दिसतो. प्रसंग काय आहे, माणूस असं का बोलतो, ते मी सांगेन. आवाज जमला की नाही ते कानसेन काचेमागून सांगेल. तो नाही म्हणाला तर नाही. हे ज्याला मंजूर नाही त्याने आत्ता सांगावं."

मालक दारातून म्हणाला, "बाई, हे असं कुठे चालत नाही."

आईसाहेब म्हणाल्या, "इथे चालवून बघू या की."

आणि आम्ही चालवलं. सगळं मस्त जमलं असं लिहायला मला आवडलं असतं. जमलं नाही. पहिल्या भागातला एक प्रसंग वाहिनीने परत पाठवला. त्यात दोन बायका अंधारात एकमेकींशी कुजबुजतात, कानसेनलाही ते नीट धरता आलं नव्हतं. मालकाचं तोंड आंबट झालं. आम्ही तो पुन्हा केला. दुसऱ्यांदा मी त्या दोन्ही नव्या मुलींना समोरासमोर उभं केलं आणि एकमेकींचे हात धरायला लावले. मग त्यांचे खांदे वर चढले, श्वास अडला, आणि काचेमागून कानसेनने अंगठा दाखवला. तो भाग गेला.

मालकाने अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. मी रोज त्याच्या नाकावर टिच्चून जाते आणि मधोमध उभी राहते. उभं राहून पाय भरून येतात, तोल जातो, म्हणून एक उंच स्टूल आणलंय. माझी नवी खुर्ची.

तू काही लिहिणार आहेस की नाही?

ताई


१५ मार्च

धाकटे,

लिहिलं नाहीसच. फोनवर बोलून रेकॉर्ड केलंस आणि ते भावोजींच्या नंबरवर पाठवलंस! एवढं सगळं वाचल्यावरही आवाजच पाठवलास. मुद्दाम केलंस ना? माझी परीक्षा घेतलीस. हरकत नाही, तुझ्या जागी मीही हेच केलं असतं.

तुझं बोलणं शब्दाला शब्द असं आहे: "गाठ काढली तिथे परत काहीतरी दिसतंय म्हणतात. वीस तारखेला डॉक्टरांनी बोलावलंय. ये किंवा नको येऊस. तुला वाटेल ते कर."

मी ते कितीदा तरी ऐकलं. मला काय ऐकू आलं ते सांगत नाही, तुला हसायला निमित्त नको.

भावोजींनी ऐकलं आणि म्हणाले, "चिडलीय. आत्ता जाऊ नकोस, अंगावर येईल." मी फोन स्टुडिओत नेला. कानसेनने हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकलं. "रडून झाल्यावरचा आवाज आहे हा. जा तुम्ही." आईसाहेब म्हणाल्या, "चिडलेली नाही आणि रडलेलीही नाही. मी एवढ्या आया केल्यात, मला विचारा. थकलीय ती. तुम्ही आलात काय, न आलात काय, तिच्यात बोलायचं बळ नाही."

तिघांचे लहान मेंदू ठणठणीत! आणि तीन तोंडं तीन दिशांना. मला इतकं हसू आलं की स्टुलावरून पडायची वेळ आली. आयुष्यभर मला वाटायचं की आवाजातून मला सत्यच ऐकू येतं. कदाचित मीही कितीदा असंच काहीबाही ऐकलं असेल आणि छातीठोकपणे सांगितलं असेल. ते आता कोण तपासणार?

मी माझ्यापुरता निर्णय घेतलाय. तुझ्या वाक्यात "ये" आधी आहे, "नको येऊस" नंतर. मी पहिला शब्द धरला. एकोणीसला सकाळी पोचते. दार उघडलं नाहीस तर जिन्यात बसेन. कुलूप लावून गेलीस तर दुकानात येईन आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर डोळे तपासून घेईन. मालकाला सुट्टी सांगितली. त्याने विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, "लागतील तेवढे. आणि स्टूल हलवू नका."

ताई


२ मे

धाकटे,

घरी नीट पोचले. भावोजींनी दारातच जाहीर केलं, "मला आनंद झालाय," आणि बॅग घेतली.

काल मी निघताना तू म्हणालीस, ऑपरेशनच्या सकाळचं काहीच आठवत नाही, आत नेण्याआधी दिलेल्या औषधाने सगळं पुसलं गेलं. ते मी लिहून कळवेन असं म्हटलं होतं. लिहिते. पण आधी दुसरं, कारण त्यावरून तू अजून फुरंगटलेली आहेस.

वीस मार्चला डॉक्टरांच्या खोलीत मी तुझी लाज काढली असं तुझं म्हणणं. मी काय केलं? तुझे डॉक्टर भले गृहस्थ आहेत. टेबलावर पुढे झुकून, हात जोडल्यासारखे धरून किती वेळ बोलत होते. "हे बघा, आपण लक्ष ठेवून आहोत, पर्याय आहेत, तुम्ही खंबीर आहात, घाईने काही ठरवायचं नाही." तू मान डोलवत होतीस. तुझा चेहरा हळूहळू सैलावत होता, म्हणजे त्यांच्या आवाजात नक्की काहीतरी ऊबदार असणार. माझ्यापर्यंत ती ऊब पोचत नव्हती. मी फक्त वाक्यं ऐकत होते आणि त्या वाक्यांत काहीच नव्हतं.

म्हणून मी म्हटलं, "डॉक्टर, तुमच्या आवाजावरून मला काही कळत नाही. माझ्या मेंदूत तसा बिघाड आहे. साध्या वाक्यात सांगा. रोग उरलाय की नाही?"

ते थांबले. तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "उरलाय. थोडा. पुन्हा ऑपरेशन करावं असं माझं मत आहे, आणि उशीर करू नये."

त्यांचे खांदे उतरले. मी रोज नटांचे खांदे बघते, मला कळतं. इतका वेळ ते वाक्य उचलून बसले होते, खाली ठेवायला जागा मिळत नव्हती.

बाहेर बाकावर तू माझ्यावर तुटून पडलीस. "तुला काय गरज होती विचारायची? जरा बरं वाटत होतं मला! ते तरी राहू द्यायचं होतंस!" येणारेजाणारे बघत होते. मी म्हटलं, "बरं वाटून तू आणखी दोन महिने घरी बसली असतीस." तू म्हणालीस, "बसले असते! माझा जीव आहे!" मी म्हटलं, "मग ओरड. ओरडलेलं मला कळतं." तू ओरडलीस. मग चपलेच्या टोकाने फरशीवरची रेघ घासत राहिलीस, आणि म्हणालीस, "ताई, मला भीती वाटते."

हे वाक्य तू मला उभ्या आयुष्यात कधी म्हणाली नव्हतीस. फाटकातून नुसती हाक मारलीस की मी ओळखायचे, तुला म्हणायची गरजच पडली नाही. जिन्यात पडले नसते तर मी हे वाक्य न ऐकताच मेले असते. म्हणून त्या प्रश्नाबद्दल मी दिलगीर नाही. पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा विचारेन, आणखी मोठ्याने.

परवा त्याच डॉक्टरांनी तू न विचारता सांगितलं, "कापलेल्या भागाचे काठ स्वच्छ आहेत. रोग आता उरलेला नाही. तपासण्यांना मात्र येत राहायचं." सरळ तीन वाक्यं. बघ, सवय लागते माणसाला.

आता ती सकाळ.

तुला हिरवा झगा घातला होता, केसांवर कागदाची टोपी. तू म्हणालीस, "मी बेकरीतल्या कामगारासारखी दिसतेय." परिचारिकेने सुई टोचली. थोड्या वेळात तुझी जीभ जड झाली आणि तू भलतंच बोलायला लागलीस. पलीकडच्या रुग्णाच्या चष्म्याची फ्रेम त्याच्या तोंडाला शोभत नाही, असं त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलंस. त्याने चष्मा काढून ठेवला बिचाऱ्याने.

मग न्यायला माणसं आली. परिचारिका मला म्हणाली, "तुम्ही आता खाली जाऊन बसा." मी तुला विचारलं, "मी जाऊ का खाली?"

तू म्हणालीस, "जा, जा. मी ठीक आहे." मी पर्स उचलली. तेवढ्यात तू माझं मनगट पकडलंस. डोळे मिटत होते तुझे, तरी एकेक शब्द सुटा काढून म्हणालीस, "नाही. खोटं बोलले. जाऊ नकोस. दारापर्यंत चल."

मी परिचारिकेला म्हटलं, "ऐकलंत? ती चल म्हणाली."

"इथून पुढे नातेवाइकांना परवानगी नाही, बाई."

"मग मला उचलून बाजूला ठेवा."

ती माझ्यापेक्षा धिप्पाड होती, मनात आणलं असतं तर उचललं असतं तिने. तिचा आवाज कसा होता देव जाणे. पण तिने कपाटातून बुटांवर चढवायच्या दोन पिशव्या काढल्या, माझ्या हातात दिल्या आणि तोंड वळवलं. मला एका पायावर उभं राहून त्या घालता येईनात. म्हणून मी फरशीवर बसले आणि घातल्या.

मग चाकांच्या खाटेचा कठडा धरून तुझ्याबरोबर चालत गेले. वळणावर माझा तोल गेला आणि मी सगळा भार कठड्यावर टाकला. खाट ढकलणारा माणूस म्हणाला, "बाई, धरून चाला." मी म्हटलं, "धरूनच चाललेय." तुझे डोळे मिटलेले होते. पण मनगट सोडलं नव्हतंस. थेट त्या काचेच्या दारापर्यंत.

ताई